छपराच्या पुलापाशी लेटरबॉक्सिंग कसं करावं

कुणीतरी हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक वही डब्यात घालून डबा रानात लपवून ठेवतो. तो कुठे आहे याच्या खुणा लिहून ठेवतो. आपण खुणा वाचत डबा शोधायचा, त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तसा परत ठेवायचा. हे लेटरबॉक्सिंग. इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल (इंग्रजी pool, म्हणजे डबकं; आपला पूल नव्हे) या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेले लोक तिच्यात आपलं नावाचं कार्ड टाकत. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं तिथे ठेवू लागले, आणि नंतर येणारा ती टपालात टाकायचा. नाव पडलं ते त्यावरून.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात हा छंद चांगला रुजला आहे. तिथे राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींना मी छपराच्या पुलापासून, म्हणजे छप्पर आणि भिंती असलेल्या जुन्या लाकडी पुलापासून, सुरुवात करायला सांगते. उदाहरणादाखल कनेटिकट राज्यातला वेस्ट कॉर्नवॉलचा लाल पूल घेऊ. हूसाटॉनिक नदीवरचा हा पूल 1860च्या दशकातला, 172 फूट लांब. एका वेळी एकच गाडी जाते.

आधी शिक्का कोरा. विकतचा शिक्का चालतो, पण स्वतः कोरलेल्याची गंमत वेगळी. मऊ खोडरबर घ्या. बटर पेपरवर पेन्सिलीने चित्र काढा, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासा. चित्र रबरावर उलटं उतरतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटेल. देवनागरी अक्षर कोरणार असाल तर ही पायरी चुकवू नका. माझ्या पहिल्या शिक्क्यावर 'क' होता. तो मी थेट रबरावर सुलटा कोरला आणि वहीत उलटा उमटला. पातं नेहमी अक्षरापासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरा. आतून पोखरलं की कड तुटते.

पिशवी भरा. वही, पेन, स्टॅम्प पॅड, होकायंत्र, पाणी. लांब पॅंट घाला आणि ती मोज्यांत खोचा. गोचिडीतून होणाऱ्या लाइम रोगाला नावच याच राज्यातल्या लाइम गावावरून मिळालं आहे. घरी आल्यावर अंग नीट तपासा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वनस्पती दिसली तर हात लावू नका.

पूल आधी डोळे भरून पाहा. खुणा बहुतेकदा पुलाच्या टोकापासून मोजायला सुरुवात करतात, म्हणून कुठलं टोक कुठल्या दिशेला हे पक्कं करा. वेस्ट कॉर्नवॉलचं गाव पूर्व काठावर आहे. आत शिरताना गाडी येत नाही ना पाहा, आणि मग भिंतीकडे बघा. आडव्यातिडव्या फळ्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जोडलेली दिसेल. ही रचना इथिएल टाउन या स्थापत्यकाराची, पेटंट 1820चं. मोठे, महागडे वासे आणि निष्णात सुतार न लागता साध्या फळ्यांतून पूल उभा राहतो, म्हणून खेड्यापाड्यांना ती परवडली. छप्पर माणसांसाठी नव्हे, या जाळीसाठी आहे. पावसात उघडं लाकूड काही वर्षांत कुजतं, झाकलेलं शतकभर टिकतं. हिवाळ्यात मात्र आतली जमीन कोरडी राही, म्हणून घसरगाड्या ओढता याव्यात यासाठी लोक मुद्दाम बर्फ आणून पुलात पसरत! ही जाळी शिक्क्यासाठीही फार सुरेख नमुना आहे.

खुणांप्रमाणे चाला. "40 पावलं" म्हणजे लिहिणाऱ्याची पावलं, तुमच्या मुलाची नव्हेत. अंश दिले असतील तर होकायंत्र सपाट धरा आणि गाडीच्या पत्र्यापासून दूर राहा. जागा सापडल्यावर कुणी पाहत नाही याची खात्री करून मगच डबा काढा. शिक्का उमटवा, तारीख लिहा, शाई पुसा, झाकण घट्ट लावा. पानं, दगड जसे होते तसेच रचा. डब्यात खाऊ ठेवू नका, जनावरं फोडतात.

स्वतःचा डबा ठेवायचा असेल तर जमिनीच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घ्या. पुलावर, पुलाच्या जाळीत किंवा खाली कधीही ठेवू नका. शोधणारे फळ्या हलवतात, आणि बेवारस डबा पाहून पोलीसही येऊ शकतात. शेतांच्या जुन्या दगडी बांधांतही नको; एका डब्यासाठी दोनशे वर्षांचा बांध उसकटलेला मी पाहिला आहे आणि फार वाईट वाटलं. पूल फक्त सुरुवातीची खूण म्हणून वापरा, डबा वाटेवर आत, पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला ठेवा. वही झिपलॉक पिशवीत, शिक्का वेगळ्या पिशवीत. बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये एकदा जाऊन बघा; वही ओली झाली असेल तर सुकवा, भरली असेल तर नवी ठेवा आणि जुनी घरी आणून शिक्के निवांत पाहा.