एफवायचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात काय विचारायचं

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि जून-जुलैत एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, प्रवेश समितीच्या टेबलाशी बसते. बारावी झालेली मुलं वडिलांना नाहीतर मामाला घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, मेजर काय घेऊ?" खरं तर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बहुतेकांनी घरीच ठरवलेलं असतं. गोंधळ उडतो तो फॉर्मवरच्या उरलेल्या रकान्यांत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधलं, पण आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. आता वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवर मोजलेले श्रेयांक, मिळवायची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं ३० तास. मेजर, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह, शिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे पेपर. नेमकी रचना विद्यापीठागणिक बदलते, म्हणून शेजारच्या जिल्ह्यात शिकणाऱ्या मावसबहिणीला विचारून फॉर्म भरू नका. आपल्या कॉलेजातून रचनेचा छापील तक्ता मागून घ्या.

सगळ्यात जास्त विचार ओपन इलेक्टिव्हचा करा. हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. बीएच्या मुलीला जमाखर्च कळावा, बीएस्सीच्या मुलाने थोडा इतिहास वाचावा, यात वावगं काहीच नाही; मला तर हा भाग आवडतो. पण वर्गखोल्या होत्या तेवढ्याच आहेत आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. त्यामुळे यादीत विषय भरपूर दिसतात आणि चालतात त्यातले मोजकेच. यादी हातात आली की तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी यातले कोणते विषय खरोखर शिकवले गेले? वर्ग सुरू व्हायला किमान किती मुलं लागतात? शिकवणारे आत्ता कॉलेजात आहेत का? शेवटच्या प्रश्नाला "सीएचबीवाले सर येतील" असं उत्तर आलं तर नेमणूक कधी होते तेही विचारा. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचे, तासांप्रमाणे मानधन घेणारे शिक्षक पुष्कळदा आमच्यापेक्षा मन लावून शिकवतात, पण त्यांची ऑर्डर उशिरा निघते आणि मग सगळा अभ्यासक्रम परीक्षेच्या तोंडावर उरकावा लागतो. दोष त्यांचा नाही, पण पेपर तुम्हालाच लिहायचाय.

मग एसवायच्या एखाद्या मुलीकडून गेल्या वर्षीचं वेळापत्रक बघून घ्या. वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र आणायची म्हणून ओपन इलेक्टिव्हचे तास सकाळी अगदी लवकर किंवा दुपारी उशिरा लागू शकतात. गावाकडे जाणारी एसटी कितीला सुटते हे विषय निवडतानाच बघा. मुलींनो, अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास बारावीपर्यंतच होता. आता सवलतीचा मासिक पास काढावा लागेल, तो खर्च घरी आधीच सांगून ठेवा.

यानंतर एबीसी आयडी, म्हणजे तुमच्या क्रेडिटचं खातं. बारा अंकी क्रमांक, डिजिलॉकरमधून मोफत निघतो. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि तो फोन वडिलांसोबत चाकणच्या कंपनीत असतो! ते घरी असतील तेव्हाच हे काम करा. दुसरी भानगड नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव गळलेलं, कुठे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. क्रम वेगळा असला तर कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या, पण स्पेलिंग वेगळं असेल तर प्रवेशाआधीच आधार दुरुस्त करा. प्रत्येक सेमिस्टरच्या निकालानंतर खातं उघडून क्रेडिट जमा झाली का ते बघा. तिसऱ्या वर्षी पहिल्या सेमिस्टरची क्रेडिट शोधत फिरणं फार वाईट.

पालक हमखास विचारतात, "एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं ना?" मिळतं, पण नुसतं वर्ष पास होऊन नाही; वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. माझं मत विचाराल तर लग्न किंवा पैशाची अडचण यामुळे शिक्षण थांबत असेल, तर परत येण्याची सोय म्हणून त्याकडे बघा. त्या कागदावर नोकरी मिळेल असं धरून चालू नका. चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी हवी असेल तर ते वर्ष आपल्याच कॉलेजात आहे का, हेही आत्ताच विचारा.

एवढं करूनही निवडलेला विषय मधेच बंद केला, तर तोंडी भांडत बसू नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्या वर विद्यापीठाचे लोकपाल असतात. समितीत कोण कोण आहे, हे कार्यालयात विचारलं की सांगावंच लागतं.