पीओसीटीच्या कोर्सला निघण्याआधी

पीओसीटी म्हणजे पॉइंट ऑफ केअर टेस्टिंग, लॅबला न पाठवता पेशंटजवळच केलेली तपासणी. तिच्या कोर्सला प्रवेश पक्का झाल्याचं कळलं की सगळ्यात आधी स्वतःचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण तपासा. बाकीची तयारी पंधरा दिवसांत उरकते, याला मात्र सहा महिन्यांहून जास्त लागतात. डोस ०, १ आणि ६ महिन्यांना, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण; ते १० एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त हवं. ‘इंटर्नशिपला घेतली होती की’ हे हमखास ऐकू येतं, कागद मात्र कुणाकडे नसतो. प्रॅक्टिकलला एकमेकांची बोटं टोचायची असतात, तेव्हा कागद हवाच. सुई लागलीच तर एचआयव्हीची पीईपी, म्हणजे संसर्ग टाळण्याची औषधं, शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवी आणि ७२ तासांनंतर ती देत नाहीत. आपल्या हॉस्पिटलात ती रात्री कुणाच्या कपाटात असते, हेही आजच विचारून ठेवा.

रजिस्ट्रेशन, पदवीची प्रत, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र, फोटो. हे सांगायला नको.

आता मुद्द्याचं. डॉक्टर असोत की सिस्टर, बहुतेक जण या कोर्सला मशीन शिकायला येतात. मशीन अर्ध्या तासात येतं. चुका होतात त्या थेंब मशीनपर्यंत पोचण्याआधी आणि आकडा स्क्रीनवर आल्यानंतर. म्हणून तयारीही या दोन टोकांचीच करा.

वॉर्डात जिला आपण एचजीटी म्हणतो, ती बोटातल्या थेंबाची साखरेची तपासणी दिवसातून वीसदा करणाऱ्यानेही घरी एक प्रयोग करून यावा. मी मे महिन्यात केला होता. साबणाने हात धुऊन, पुसून रीडिंग घेतलं: ९४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). मग एक हापूस सोलला आणि हात न धुता त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं: १७१. तिसरं बोट नुसतं स्पिरिट स्वॅबने पुसून टोचलं: १३८. पुन्हा साबण-पाण्याने हात धुतले: ९६. स्वॅबने साखर पूर्ण जात नाही, हे मी वाचलेलं होतं; पण स्वतःच्या बोटावर पाहिल्यापासून पेशंटला आधी बेसिनकडे पाठवतो. उठता येत नसेल तर मावशींना ओला टॉवेल आणायला सांगतो आणि बोट वाळू देतो. टोचायचं बोटाच्या कडेला, पहिला थेंब पुसायचा, बोट पिळायचं नाही.

याच वेळी स्ट्रिपच्या डबीशीही ओळख करून घ्या. झाकणात ओलावा शोषणारा पदार्थ असतो, तो झाकण लावलं तरच कामाचा. मुंबईच्या जुलैत ड्रेसिंग ट्रॉलीवर उघडी पडलेली डबी दिसली की मला अजून राग येतो. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहायची सवय आताच लावा. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला गेलात तर तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घ्या आणि टेस्ट किट ठेवता त्या कपाटात आठवडाभर लावा. बहुतेक किटच्या खोक्यावर वरची मर्यादा ३० अंश छापलेली असते. बंद दवाखान्यात रविवारी दुपारी कपाटात किती होतं ते एकदा बघा.

लॅबशी तुलना करून यायला सांगतील. राखाडी बुचाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये शिरेतलं रक्त घ्या आणि त्याच मिनिटाला ग्लुकोमीटर लावा. साध्या ट्यूबमध्ये रक्त पडून राहिलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर पेशीच खातात, आणि दोष मीटरला जातो. आयएसओ १५१९७ या ग्लुकोमीटरच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम आणि १०० पासून वर १५ टक्के इतका फरक चालतो, तोही ९५ टक्के रीडिंगमध्ये. म्हणजे लॅबला २०० असताना मीटरने १७० दाखवलं तरी ते नियमात बसतं. पेशंटचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, सोबत लिहा. पांढऱ्याफटक अॅनिमियात मीटर जास्त साखर दाखवू शकतो. शॉकमधल्या पेशंटच्या गार बोटावर तर विसंबूच नका.

कंट्रोल सोल्युशनची, म्हणजे मीटर तपासायच्या ठरावीक साखरेच्या द्रावणाची, वीस दिवसांची वीस रीडिंग घेऊन सरासरी आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) हाताने काढून या. कागदावर लेव्ही-जेनिंग्ज चार्ट आखा, म्हणजे रोजचं रीडिंग सरासरी आणि एसडीच्या रेघांवर मांडायचा तक्ता. एक रीडिंग ३ एसडीबाहेर गेलं, किंवा लागोपाठ दोन एकाच बाजूला २ एसडीपलीकडे गेली, की पेशंटचा रिपोर्ट थांबवायचा. एक्सेल हे सगळं काढून देतं, पण हाताने काढल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही.

पावसाळी तापांच्या टेस्ट किटसाठी एकच प्रश्न पाठ करा: तापाचा कितवा दिवस? डेंग्यूचं एनएस१, म्हणजे विषाणूचं प्रथिन, पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं; आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी, त्यानंतर. गुडघाभर पाण्यातून चालत आलेल्या माणसाची लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) आयजीएम तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. मलेरियाच्या किटमधली एचआरपी२ या प्रथिनाची रेघ फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या जातीचीच, आणि औषध पुरं झाल्यावरही ती काही आठवडे टिकू शकते. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीसाठी एलडीएच या एन्झाइमची रेघ पाहावी लागते. आणि टायमर लावा. पंधरा मिनिटांनी वाचायची पट्टी चहा पिऊन येऊन तासाने वाचली, तर फिकट रेघ दिसते आणि वाद सुरू होतो.

गणित एवढं करून या. १००० जणांत २० आजारी, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी पॉझिटिव्ह येणारे) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी निगेटिव्ह येणारे) ९५ टक्के. पॉझिटिव्ह येतील ६७, त्यातले खरे आजारी १८. हे उत्तर न बघता काढता आलं तर पहिलं लेक्चर सोपं जाईल.

मानकांपैकी वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ ची २०२२ ची आवृत्ती चाळा. पीओसीटीचं वेगळं २२८७० हे मानक तिच्यातच सामावलं आहे, त्यामुळे जुन्या नोट्स कुणी दिल्या तर तारीख बघा.

आता दुसरं टोक, आकडा स्क्रीनवर आल्यानंतरचं. मी रेसिडेंट असताना एका हॉस्पिटलात रात्री दोनला सिस्टरने एचजीटी घेतली आणि पेनने तळहातावर लिहिली: २४२. फोनवर ऑर्डर घेऊन इन्सुलिन दिलं. तेवढ्यात दुसऱ्या बेडवर धावपळ झाली, हात धुतले गेले आणि केस पेपर कोराच राहिला. ड्युटी बदलली, नवीन सिस्टरने पुन्हा रीडिंग घेतलं, साखर अजून चढलेलीच होती, पुन्हा इन्सुलिन. पहाटे पेशंट घामाने निथळत होता, रीडिंग ४६. मीटर सुरुवातीपासून बरोबरच होता. म्हणून येताना आपल्या वॉर्डाची नोंदवही बघून या: वेळ, पेशंटचा नंबर, रीडिंग, स्ट्रिपचा लॉट नंबर, कुणी केलं, कुणाला कळवलं. यातले किती रकाने रिकामे आहेत ते मोजा. पहिल्या दिवशी तेच विचारणार आहेत.

सत्र रविवारी परळला असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. हार्बरवाल्यांनी तासभर हाताशी धरूनच निघावं. लॅन्सेट आणू नका, तिथे मिळतात. वापरलेली टाकायला पांढरा, न भेदला जाणारा डबाही तिथेच असतो.