डायफ्रॅम मोजायला बसताना: नव्या रेसिडेंटसाठी

भूलशास्त्राच्या रेसिडेन्सीत सोनोग्राफीचा प्रोब पहिल्यांदा हातात येतो तो बहुधा नर्व्ह ब्लॉकसाठी (नसेजवळ औषध देऊन ती बधिर करण्यासाठी). आयसीयूची पाळी लागली की मग हृदय, फुफ्फुस. डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूची, आठवण सगळ्यांत शेवटी होते. खरं तर शिकायला तो सोपा आहे. म्हणजे उजवा सोपा. डाव्याचं पुढे सांगते.

उजवीकडे यकृत असल्यामुळे आरपार छान दिसतं. पोटाचा वक्र प्रोब (2 ते 5 मेगाहर्ट्झ) बरगड्यांच्या कडेखाली, मिडक्लॅव्हिक्युलर लाइन (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यातून खाली येणारी रेषा) आणि काखेची पुढची रेषा यांच्या मध्ये ठेवा आणि आत, वर व मागे रोखा. यकृतापलीकडची ठळक पांढरी कमान म्हणजे डायफ्रॅम. आता एम-मोड लावा; त्यात एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार लाटेसारखी उमटते. श्वास घेताना डायफ्रॅम प्रोबकडे येतो, रेषा वर चढते, सोडताना उतरते. तळापासून शिखरापर्यंतचं उभं अंतर म्हणजे एक्सकर्शन. स्वीप (लाट पडद्यावर सरकण्याचा वेग) सावकाश ठेवा, सेकंदाला 10 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पडद्यावर सलग काही श्वास मावतात.

सगळी मेख कर्सरमध्ये, म्हणजे एम-मोड ज्या रेषेवर मोजतो तिच्यात, आहे. तो डायफ्रॅमच्या मागच्या एक-तृतीयांश भागाला काटकोनात लागला पाहिजे. तिरका लागला तरी लाट देखणीच उमटते, आकडा मात्र खोटा. म्हणून लाटेवर भाळू नका; आधी टू-डी चित्र नीट जमवा. एम-मोडचं बटण दाबायची घाई सगळ्यांनाच असते.

2009 मध्ये फ्रान्समधून 210 निरोगी माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शांत श्वासात सरासरी एक्सकर्शन पुरुषांत 1.8 आणि स्त्रियांत 1.6 सेंमी होतं. खोल श्वासात 7 आणि 5.7. एवढे चार आकडे पाठ असू द्यात. आयसीयूत 1 सेंमीच्या खालचं एक्सकर्शन दुबळेपणाचं मानतात.

‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की पेशंट खांदे उचलतो. ‘पोट फुगवून श्वास घ्या’ म्हणा. स्निफसाठी ‘तोंड मिटून नाक सुर्रकन वर ओढा’ म्हटलं की आजोबांनाही लगेच कळतं. स्निफ सोडू नका: लुळा डायफ्रॅम त्या क्षणी उलटा, वर छातीकडे ओढला जातो आणि एम-मोडची रेषा खाली जाते. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी नेहमीच्या मात्रेत इंटरस्केलिन ब्लॉक (मानेतल्या नसांचा) दिला की त्या बाजूची फ्रेनिक नर्व्ह (डायफ्रॅम हलवणारी नस) जवळजवळ हमखास बधिर होते. तेव्हा ब्लॉकच्या आधी आणि नंतर बघा. हात बसवायला याहून चांगली संधी नाही.

डावीकडे प्लीहेची खिडकी लहान, त्यात जठरातला गॅस आडवा येतो. प्रोब काखेच्या मधल्या किंवा मागच्या रेषेवर, बरगड्यांच्या फटीत न्या. खोल श्वासात फुफ्फुस खाली उतरून सगळं झाकतं, तेव्हा शांत श्वासावर समाधान माना. तिथेही जमलं नाही तर लिनियर प्रोबने (त्वचेजवळचं बारीक दाखवणाऱ्या सरळ प्रोबने) आठव्या ते दहाव्या फटीत डायफ्रॅमची जाडी मोजा. श्वास घेताना ती किती टक्के वाढते तो थिकनिंग फ्रॅक्शन. 20 टक्क्यांच्या खाली गेला की संशय घ्यावा.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं एक्सकर्शन मला एरवी फारसं कामाचं वाटत नाही. मशीन हवा ढकलतं, डायफ्रॅम खाली सरकतो, आणि तो स्नायूचा जोर समजून आपण खूश. ट्यूब काढायचा विचार असेल तर टी-पीसवर (ट्यूबला नुसता ऑक्सिजन, मशीनची मदत नाही) किंवा अगदी कमी सपोर्टवर मोजा.

आणखी एक, कंटाळवाणं पण गरजेचं: आपण श्वासच बघत असलो तरी मशीन आणि ते वापरणारा डॉक्टर दोघांचीही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंद लागते. आयसीयूत रुजू होताच आपलं नाव चढवलंय का, विचारून घ्या.

केसपेपरवर नुसतं ‘डायफ्रॅम नॉर्मल’ लिहिलं तर उद्याचा डॉक्टर तुलना कशाशी करणार? आडवं झोपवून आणि बसवून घेतलेले आकडे जुळत नाहीत. मी असं लिहिते: ‘उजवा, डोकं 30 अंश वर, टी-पीस, शांत श्वास, तीन श्वासांची सरासरी 1.4 सेंमी, स्निफला दिशा सरळ, डावा नीट दिसला नाही.’