फॉर्म भरला, पण माहिती गेली कुठे?

पार्ल्यातल्या एका गाण्याच्या क्लासची वेबसाइट हे माझं पैसे घेऊन केलेलं पहिलं काम. अप्लाइड आर्ट करून नुकतीच बाहेर पडले होते. फिग्मा (पडद्यांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) येत होतं, एचटीएमएल-सीएसएस (पानाचा सांगाडा आणि त्याचं रूप लिहायच्या भाषा) हाताने लिहिता येत होतं, म्हणून वेब डिझायनर म्हणवून घेत होते. तंबोऱ्याच्या भोपळ्याचा तपकिरी रंग जमावा म्हणून मी दोन दिवस घालवले. सगळ्यात खाली प्रवेशाचा फॉर्म होता: नाव, वय, फोन नंबर आणि बटण. बटण दाबलं की 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असं पान उघडायचं. मी दाबून पाहिलं, क्लासच्या बाईंनी दाबून पाहिलं. दोघी खूश.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन. "अगं, लोक म्हणतात फॉर्म भरला, पण माझ्याकडे एकही आलेला नाही."

माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या क्षणापर्यंत 'आलेला' म्हणजे कुठे यायला हवा होता, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

वेब डिझाइनकडे जावं की डेव्हलपमेंटकडे, या विचारात असाल तर हे नीट सांगते, कारण बाकी सगळं तुम्हाला कुठेही शिकायला मिळेल. फॉर्मला 'अ‍ॅक्शन' नावाचा एक पत्ता द्यावा लागतो. भरलेली माहिती ब्राउझर त्या पत्त्यावर पाठवतो. मी तिथे त्या धन्यवादाच्या पानाचा पत्ता लिहिला होता. ते पान म्हणजे नुसती एक फाइल. तिला वाचता येत नाही, साठवता येत नाही, मेल करता येत नाही. माहिती उचलून घेणारा, तपासणारा, डेटाबेसमध्ये ठेवणारा आणि बाईंना मेल धाडणारा प्रोग्राम सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर, लागतो. तो पीएचपीत लिहा, पायथनमध्ये लिहा, नोडमध्ये लिहा, पण तो लागतोच. माझ्या साइटमागे असं काहीही नव्हतं. दार सुंदर होतं, घंटी वाजत होती, आत घरच नव्हतं.

मी ज्या ऑफिसात उमेदवारी करत होते तिथल्या एका सीनिअर डेव्हलपरकडे गेले. ते रागावले नाहीत. "पद्धत कुठली लिहिली आहेस, गेट की पोस्ट?" असं विचारलं. मी काहीच लिहिलं नव्हतं. काही लिहिलं नाही की ब्राउझर गेट धरतो, म्हणजे भरलेली माहिती पत्त्याच्या शेपटीला जोडून पाठवतो. आणि असा प्रत्येक पत्ता सर्व्हर आपल्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदवहीत, उतरवून ठेवतो. त्यांनी होस्टिंगच्या पॅनेलमधून तो लॉग काढला. जुने दिवस पुसले गेले होते, शेवटचे काही शिल्लक होते. त्यात टक्क्याची चिन्हं, अक्षरं आणि आकडे यांच्या लांबच लांब रांगा. ती माणसांची नावं होती. देवनागरी 'क' यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतो, वेलांटी लावली की आणखी ३. पत्त्यात लिहिताना एका बाइटची ३ चिन्हं होतात. म्हणजे एका 'की'ची १८ चिन्हं. त्यांनी ती उलगडली आणि एकेक नाव मराठीत पडद्यावर यायला लागलं. मी रडायच्या बेतात होते.

नावं मिळाली, वयं मिळाली. फोन नंबर नाहीत. त्या चौकटीला मी 'आयडी' दिला होता, कारण लेबल जोडायला तो लागतो, पण 'नेम' द्यायचं राहिलं होतं. ज्या चौकटीला नेम नाही, ती ब्राउझर पाठवतच नाही. कुठली चूक दाखवत नाही, थांबत नाही, मुकाट्याने गाळतो. बाईंना यादी नेऊन दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावून ती वाचली. दोघातिघांवर बोट ठेवलं, "ही आमच्याच गल्लीतली." बाकीची नावं तशीच राहिली. ती मंडळी आजही समजत असतील की क्लासने त्यांना विचारलंच नाही.

डिझाइन आणि डेव्हलपमेंट यातला फरक मला त्या यादीने शिकवला. माणसाला काय दिसतं, कळतं, अंगठा कुठे पोचतो, चुकलं तर काय सांगायचं, हे डिझाइन. अंगठा उचलल्यानंतर माहितीचं काय होतं, ती कुठे, किती सुरक्षित, किती दिवस राहते, हे डेव्हलपमेंट. मधला पट्टा, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि थोडं जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारी भाषा), दोघांचा. या मधल्या पट्ट्यातच आपण फसतो. तो येतो म्हणून पुढचंही येतं असं वाटायला लागतं.

फोन नंबर असलेला फॉर्म गेटने कधीही पाठवू नका. माझ्या बाबतीत लॉगमुळे थोडी नावं वाचली, पण लोकांचे नंबर लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या हिस्टरीत पडून राहणं वाईटच. पोस्ट वापरा, त्यात माहिती पत्त्याला न जोडता वेगळी जाते. तेही एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशा जोडणीवर.

आता नोकरीचं. मुंबईत पदाच्या नावावर अजिबात विश्वास ठेवू नका. मी दिलेल्या मुलाखतींत 'वेब डिझायनर' म्हणजे अंधेरीतल्या एका छोट्या एजन्सीत बॅनर, इन्स्टाग्रामच्या पोस्ट आणि वर्डप्रेसची थीम असं सगळं होतं. लोअर परळच्या स्टुडिओत फक्त फिग्मा होतं. आणि मालाडच्या एका मोठ्या कंपनीत त्याच नावाखाली जावास्क्रिप्टची लेखी परीक्षा घेतली. तिथून मी कोरा कागद देऊन उठले, मालाड स्टेशनपर्यंत चालत आले. म्हणून मुलाखतीत दोनच प्रश्न विचारा. फिग्माची फाइल कोण कोणाला देतं? आणि फॉर्मची माहिती कोण सांभाळतं? दुसऱ्याचं उत्तर "तुम्हीच बघायचं" असं आलं, तर ते डेव्हलपरचं काम आहे आणि पगारही त्याचाच मागायचा.

तीन महिन्यांत फुल स्टॅक, म्हणजे पडद्यावरचं आणि सर्व्हरवरचं सगळं, शिकवणाऱ्या क्लासबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही. कल्याणच्या एका क्लासमध्ये जावा आणि जावास्क्रिप्ट एकाच गोष्टीची दोन नावं असल्यासारखी सांगत होते. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत लिहिली. जावाच्या लोकप्रियतेमुळे तिला ते नाव पडलं, भाषा वेगळी. जिथे एवढंही सांगत नाहीत तिथे फी भरू नका. एमडीएन, म्हणजे वेबच्या भाषा समजावणारी साइट, फुकट आहे, सावकाश वाचा. एआयकडून कोड लिहून घेत असाल तर घ्या, पण प्रत्येक ओळ काय करते हे सांगता येईपर्यंत ती साइटवर चढवू नका. माझा फॉर्मही टेम्प्लेटमधूनच उचललेला होता.

आणि मार्गदर्शक शोधताना तुमचा कीबोर्ड ओढून घेणारा माणूस टाळा. ते सीनिअर लॉग उलगडून दाखवल्यावर म्हणाले, "आता नवा फॉर्म तू लिही, मी इथेच बसतो." मला चार तास लागले. ते बसले.

चित्रकलेतून आलेल्यांना मी मनापासून सांगते, घाबरू नका. तुमची नजर ही खरी पुंजी आहे, आणि मराठी वेबला तिची फार गरज आहे. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजी मजकुराची १.४ लाइन-हाइट (अक्षराच्या मापाच्या पटीत ओळीची उंची) तिला दिली की ओळी एकमेकींना भिडतात. मी १.७ च्या खाली जात नाही. विंडोजमधला मंगल हा फॉन्ट पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी केला, मुक्ता हा फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने. ही परंपरा आपल्या शहरातली आहे. डेव्हलपमेंटकडे जाणाऱ्यांनीही मराठी धरून ठेवावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ८.० आवृत्ती येईपर्यंत मुळातली सेटिंग लॅटिन१, म्हणजे युरोपीय अक्षरांपुरती, होती, त्यामुळे जुन्या होस्टिंगवर मराठी नाव भरलं की डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं उरू शकतात. टेबल यूटीएफ८एमबी४, म्हणजे सगळ्या लिपी मावणाऱ्या सेटिंगवर, आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

कुठल्या बाजूला जायचं हे कळत नसेल तर एक करून बघा. एकच फॉर्म बनवा आणि सकाळी डोंबिवलीहून लोकल पकडा. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो ३६० पिक्सेल रुंदीच्या साध्या अँड्रॉइडवर भरा. दारातून ऊन आलं की फिकट राखाडी अक्षरं दिसेनाशी होतील. कमी दिसणाऱ्यांचा विचार करून वेबच्या निकषांत मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा काँट्रास्ट मागतात, तो इथेही कामी येतो. मुंब्र्याच्या पुढेमागे नेटवर्क गेलं की बटण दाबून काहीच होणार नाही आणि तुम्ही पुन्हा दाबाल. आता बघा, तुमच्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो. 'बटणाने वाट बघायला कसं सांगावं?' की 'आता दोन नोंदी झाल्या असतील का?' मला पहिला येतो, अजूनही. म्हणून मी डिझायनरच राहिले, आणि सर्व्हरचं काम माझ्या एका मैत्रिणीला तिचे पूर्ण पैसे देऊन सोपवते.

बाईंची साइट आम्ही दोघींनी मिळून पुन्हा केली, पैसे न घेता. तेव्हापासून कुठलीही साइट सोपवण्याआधी मी ज्यांची साइट आहे त्यांच्यासमोर बसून आईच्या नावाने आणि आईच्या नंबरने फॉर्म भरते, आणि तो नंबर त्यांच्या फोनवर आलेला वाचून दाखवेपर्यंत उठत नाही.