युनियनमध्ये इंटर्नशिप करताय? या चुका टाळा

कॉलेजं सुरू झाली की पुण्या-मुंबईतल्या कामगार संघटनांच्या ऑफिसात एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची), लॉची, अर्थशास्त्राची मुलं विभागप्रमुखांचं पत्र घेऊन येतात. आठवड्यातून दोन दिवस फिल्डवर्क, वर्षाअखेरीस अहवाल. मुलं हुशार असतात, तळमळही खरी असते. तरी गाडी दरवर्षी त्याच त्या ठिकाणी अडते.

युनियनला एनजीओ समजणं

बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात. युनियन सभासदांच्या वर्गणीवर चालते, आणि काय करायचं हे कार्यकारिणीत ठरतं. तिथे हमाल, कचरावेचक, घरकाम करणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात “यांच्यासाठी एखादं वर्कशॉप घेऊया का?” असं तुमच्या तोंडून निघालं, तर थांबा आणि आधी पावतीपुस्तक मागून घ्या. कुणाची वर्गणी आली, कुणाची थकली, का थकली? काम सुटलं, घरात आजारपण आलं, की मागच्या वेळी तक्रार आणली आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही? हे शेवटचं कारण कानावर आलं तर ते जरूर लिहून ठेवा, पदाधिकाऱ्यांना आवडो न आवडो. मग सभेच्या इतिवृत्ताची वही वाचा. कंटाळवाणी असते, पण कुठल्या मागणीवर किती वर्षं घोळ चाललाय ते तिच्यातच सापडतं.

पुण्यातली कचरावेचकांची युनियन, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. त्याआधी एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्यांमध्ये जात होती ती शिक्षणाच्या कामासाठी. तिथे गेल्यावर दिसलं की जास्त निकड आहे ती चांगल्या मालाची. कुंडीत हात घालून ओला-सुका उपसण्यापेक्षा घरातूनच वेगळा केलेला सुका कचरा मिळाला, तर कष्ट कमी होतात आणि भंगाराला भावही बरा येतो. त्या मागणीभोवती संघटना बांधली गेली, बाबा आढावांसारखा हमाल पंचायतीचा अनुभवी माणूस सोबत होता, आणि पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. साक्षरतेचाच कार्यक्रम रेटत बसले असते, तर हे घडलं असतं का, याची मला शंका आहे.

“लोक बोलतच नाहीत”

बोलतात. तुम्ही चुकीच्या वेळी गेलात. मजूर अड्ड्यावर सकाळी ठेकेदाराचा टेम्पो येतो, पाच-दहा मिनिटांत माणसं निवडतो आणि निघून जातो. त्या वेळी कुणाला प्रश्नावली घेऊन अडवलंत तर त्याचा दिवस बुडेल. साडेदहानंतर जा, ज्यांना काम मिळालं नाही ते चहाच्या टपरीशी असतात. घरकाम करणाऱ्या बायका सकाळची कामं उरकून दुपारी तासभर टेकतात, कचरावेचक माल दुकानात घालून झाल्यावर मोकळ्या होतात. चारची मीटिंग ठेवायची आणि कुणी आलं नाही म्हणून हिरमुसायचं, यात त्यांचा काय दोष?

दुसरं, “महिन्याचं उत्पन्न किती?” हा पहिला प्रश्न नको. रेशनकार्ड जाईल या धास्तीनं आकडा लगेच खाली येतो. “काल कुठं काम होतं? किती वाजता सुटलात? पैसे हातात पडले का?” इथून सुरू करा आणि आठवडाभर मागे जा. बेरीज तुम्ही करा.

अंगणवाडी सेविकेला पगार विचारलात तर ती हसेल. तिला मिळतं ते मानधन. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटीचीही (काम सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) मागणी होती. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निकाल दिला होता. एवढं वाचून गेलात तरी गप्पा वेगळ्या होतील.

फॉर्म भराभर भरणं

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी हे इंटर्नचं आवडतं काम, कारण दिवसाला किती फॉर्म झाले ते मोजता येतं. पण आधारवर ‘सुनीता बाळू’ आणि बँक पासबुकावर ‘सुनिता बाळासाहेब’ असेल तर तो अर्ज अडकणार. सिमेंट कालवून बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या असतील तर ठसा उठत नाही, आणि त्या बाईला पुन्हा एक खाडा करून यावं लागतं. गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ठेकेदार सहजी देत नाही. तिथेच युनियनची खरी गरज लागते. म्हणून कागद समोरासमोर ठेवून आधी नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर पडताळा. दिवसाला पाच झाले तरी पुरे.

जुन्या गाइडमधला कायदा सांगणं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यात गेले. ट्रेड युनियन्स ॲक्ट १९२६, किमान वेतन कायदा १९४८ हेही त्यातलेच. परिणाम कागदापुरता नाही. पूर्वी संपाआधी नोटीस देण्याचं केंद्राच्या कायद्यातलं बंधन रेल्वे, वीज, पाणी यांसारख्या सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांना होतं. आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी मिळून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच धरली जाते. गेटवर उभं राहून कुणी तुम्हाला “उद्या सगळ्यांनी रजा टाकली तर?” असं विचारलं, तर उत्तर देऊ नका, युनियनच्या वकिलांकडे न्या. माथाडींचा १९६९ चा आणि घरेलू कामगारांचा २००८ चा कायदा हे राज्याचे आहेत, त्या २९ मध्ये ते नाहीत. मुलांची इथे हमखास गल्लत होते.

फोटो टाकणं

डिलिव्हरीवाल्या मुलांच्या निदर्शनाचा व्हिडिओ इन्स्टावर गेला, चेहरे स्पष्ट, टी-शर्टवर कंपनीचं नाव. संध्याकाळपर्यंत ॲपवरची कुणाची आयडी ब्लॉक होऊन काम बंद झालं तर पोरगं कुणाकडे दाद मागणार? रेट कमी झाल्याचा स्क्रीनशॉट टाकतानाही वरच्या कोपऱ्यातलं नाव आणि ऑर्डर नंबर खोडा. काय टाकायचं ते संघटना ठरवेल.

निरोप घेताना

अहवाल इंग्रजीत कॉलेजला जातो आणि इथे काहीच उरत नाही. दोन पानी मराठी गोषवारा सभासदांच्या सभेत वाचून दाखवा. चुकीचं लिहिलं असेल तर बायका तिथल्या तिथे सांगतात. अहवालात नावं बदलली तरी “अमुक सोसायटीतली लंगडत चालणारी बाई” असं लिहिलंत तर सगळी सोसायटी ओळखते, तेही गाळा. तुमच्या जीमेलवर बनवलेला सर्व्हेचा फॉर्म आणि शीट ऑफिसच्या खात्यावर द्या, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद सोडा, आधारचे फोटो फोनमधून उडवा. गॅलरीतून उडवले तरी ते गुगल फोटोजमध्ये किंवा ट्रॅशमध्ये राहू शकतात, तिथूनही काढा.