बारा सीईयू, शून्य क्रेडिट

कम्युनिटी कॉलेजच्या ॲडव्हायजरसमोर बसले तेव्हा माझा हिशोब पक्का होता. फाइलमध्ये डेकेअरच्या प्रशिक्षणाची सत्तावीस सर्टिफिकेटं, एकूण १२० तास. पदवीसाठी मोजला जाणारा कॉलेजचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले साधारण १५ तास. म्हणजे आठ क्रेडिट्स तर आपले झालेच! बाईंनी फाइल अंगठ्याने भराभर चाळली, "हे सगळे सीईयू आहेत" म्हणाल्या आणि मिटून माझ्याकडे सरकवली. आठाचे शून्य व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी न्यू जर्सीत डेकेअरमध्ये काम करते. पुण्यातली पदवी लग्नामुळे अर्धवट राहिली, इथे वर्क परमिट हातात आल्यावर मिळालं ते काम धरलं. आपल्या बऱ्याच जणी याच वाटेने येतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सीईयू म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिट. दहा तासांचं प्रशिक्षण म्हणजे एक सीईयू. नर्स, शिक्षक, इंजिनियर यांना परवाना टिकवायला हे लागतात. आपल्याकडे शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, हजेरीपत्रकावर सही केली की प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून कुणी एम.ए.चे मार्क मागत नाही. इथेही तसंच. सीईयूवरून तुम्ही तिथे होतात एवढं कळतं. कॉलेजच्या क्रेडिटमागे मात्र वर्गातल्या प्रत्येक तासाला घरचा दोन तास अभ्यास, परीक्षा आणि ग्रेड असते. त्यामुळे थेट रूपांतर जवळपास कुठेच होत नाही, आणि तासांवरून भांडूनही उपयोग नाही. मी भांडून पाहिलंय.

मार्ग निघाला तो रजिस्ट्रारच्या काउंटरवर. तिथल्या मुलीने विचारलं, "तुम्हाला क्रेडिट फॉर प्रायर लर्निंगचा फॉर्म हवाय का?" म्हणजे आधीच शिकलेल्या गोष्टींसाठी क्रेडिट. हे शब्द मला माहीतच नव्हते. कॉलेजात जाल तेव्हा सीईयूचं नाव काढू नका, हे तीन-चार शब्द म्हणा. पुढचं माणूसही बदलतं आणि फॉर्मही.

माझ्या त्या १२० तासांवर मी आधीच सीडीए, म्हणजे चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, हे लहान मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. त्याला १२० तासांचं प्रशिक्षण, मुलांसोबत ४८० तासांचं काम, पोर्टफोलिओ, वर्गात येऊन केलेली पाहणी आणि परीक्षा लागते. म्हणजे कुणीतरी तपासलेलं असतं. माझ्या कॉलेजने त्याच कागदावर नऊ क्रेडिट्स दिले. सुटी सर्टिफिकेटं शून्य, त्यांच्यावरच उभं राहिलेलं प्रमाणपत्र नऊ! प्रत्येक कॉलेजचा आकडा वेगळा असतो. काही जण आधी त्यांच्याकडे दोन-चार कोर्स करायला लावतात.

आणखी तीन क्रेडिट्स पोर्टफोलिओवर मिळाले, आणि खरा घाम तिथे निघाला. कॉलेजच्या एखाद्या कोर्सचा सिलॅबस घ्यायचा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच येते, हे पुराव्यासकट लिहून द्यायचं. माझ्या पहिल्या मसुद्यात "वर्तन-मार्गदर्शनाच्या कार्यशाळेला उपस्थित होते" अशी वाक्यं होती. प्रोफेसरनी समासात एवढंच लिहिलं: मग काय केलंत? मग मी आमच्या वर्गातल्या अडीच वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. तो इतरांना चावायचा. मी आठ दिवस वेळा टिपल्या. बहुतेक वेळा जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, हात धुवायच्या रांगेत. रांग मोडून चार-चार मुलांचे गट केले, त्याला पहिल्या गटात घातलं. चावणं कमी झालं. त्या टिपणांची वही, नावं झाकून, जोडली. ते पास झालं.

लिहायचा कंटाळा असेल तर क्लेप (CLEP) परीक्षा आहे, ती दिली की कोर्स न करताच क्रेडिट मिळू शकतात. बारावीला गणित असेल तर कॉलेज अल्जेब्रा जरूर पाहा. ५० गुण मिळाले की बरीच कॉलेजं तीन क्रेडिट्स देतात.

नवा ऑनलाइन कोर्स विकत घेणार असाल तर अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची, म्हणजे एसची (ACE), क्रेडिट द्यावेत अशी शिफारस त्याला आहे का ते आधी बघा. पण ती नुसती शिफारस. मानायची की नाही हे कॉलेज ठरवतं. म्हणून क्रम असा: आधी कॉलेज ठरवा, त्यांना ईमेलवर विचारा, उत्तर जपून ठेवा, मग पैसे भरा. मी नेमकी उलटी गेले. असे क्रेडिट्स भरपूर मानणारी विद्यापीठंही आहेत. आमच्याच ट्रेंटनमधलं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीच १९७२ मध्ये सुरू झालं. पुढे चार वर्षांच्या पदवीला जायचं असेल तर तिथेही आधी विचारा. एका कॉलेजने दिलेले असे क्रेडिट्स दुसरं घेईलच असं नाही.

सर्टिफिकेटासोबत कोर्सची रूपरेषाही उतरवून ठेवा. माझी दोन सर्टिफिकेटं देणारी साइटच बंद पडली; त्या कोर्समध्ये काय शिकवलं हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी नाही.

सीडीएचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण असतं. त्याला ४५ तास किंवा साडेचार सीईयू किंवा कॉलेजचे तीन क्रेडिट्स, काहीही चालतं. म्हणजे सीडीए देणारी संस्था हे सगळं एका तराजूत तोलते, कॉलेज नाही. गेल्या वेळी मैत्रिणींनी स्वस्तातले ऑनलाइन तास घेतले. मी मंगळवार संध्याकाळचा तीन क्रेडिटचा कोर्स घेतला. फी कितीतरी जास्त पडली, नवऱ्याने दोनदा विचारलं. पण नूतनीकरणही झालं आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, तीन क्रेडिट्स ग्रेडसकट चढले. बी प्लस. पुढच्या वेळी बघू.