जुनी टर्बो गाडी पाहताना इंजिन खरोखर थंड आहे का?

जुनी वेगवान टर्बो गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याची मोठी अडचण म्हणजे, विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर थंड असताना दिसणारा धूर आणि ऐकू येणारी खडखड दोन्ही लपून जातात. बॉनेटवर हात ठेवून पाहण्याची रीत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फारशी कामाची नाही, कारण येथे उन्हात नुसती उभी असलेली गाडीही चटका देते. त्याऐवजी ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती मोबाइलच्या ॲपवर दाखवणारे छोटे उपकरण, सोबत न्यावा.

१. गाडी सुरू करू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून सकाळी लवकर पोहोचावे. गाडी पुण्या-मुंबईकडची असल्यास नांदेड-लातूरहून जाणाऱ्याने रात्रीच मुक्कामी जाणे बरे.

२. स्कॅनर जोडून, इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करावे व कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान पाहावे. रात्रभर बंद असलेल्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकेच असते. हवा २५ अंश असताना तेथे ६० दिसले, तर गाडी नुकतीच चालवलेली आहे.

३. त्याच ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या यंत्रणांच्या चाचण्या पूर्ण केल्या की नाही हे सांगणारे दर्शक, पाहावेत. बरेचसे अपूर्ण असल्यास दोषांचे कोड अलीकडेच पुसलेले असू शकतात. बॅटरी काढल्यानेही असे होते, म्हणून कारण विचारावे.

४. नंतरच इंजिन सुरू करवून सायलेन्सरमागे उभे राहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे.

मात्र शक्ती वाढवण्यासाठी केलेला ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकातील सेटिंगमधला बदल) असा स्कॅनर सहसा दाखवत नाही. त्यासाठी जाणकार गॅरेजची तपासणी होईपर्यंत बयाणा देऊ नये.